मेलेलं ढोर कोण वडतं?

परवा कळंबच्या शाळेच्या पटांगणात गायकवाड आबांची शोकसभा झाली. पहिला वक्ता म्हणाला, "लेकीला लंडनला धाडणारा आपल्या तालुक्यातला हा बाप." दुसऱ्यानेही लंडनच सांगितलं. तिसऱ्याने आबांना शिक्षणमहर्षी करून टाकलं आणि खुर्चीत टेकताच पान लावायला घेतलं. त्यांची लेक सुजाता लंडनला कधी गेलीच नव्हती. ती गेली त्या शहराचं नाव मंचावरच्या एकालाही येत नव्हतं. आणि तिला तिकडे धाडल्याचा अभिमान आबांना शेवटी राहिला नव्हता. राहिलं होतं ते वेगळंच, आणि ते बोलायची तिथे कुणाची छाती नव्हती.

मी संघटनेची पत्रकं लिहितो. फीवाढ, वसतिगृहातलं पाणी, कुठल्याशा गावातला बहिष्कार. चार ओळी, उद्गारचिन्ह, खाली 'हजारोंच्या संख्येने सामील व्हा'. सभा संपल्यावर कार्यकर्ते म्हणाले, आबांवर एक पत्रक काढ. बसलो, कागद घेतला, जमलं नाही. पत्रकाच्या शेवटी मागणी लागते, आणि इथे मागणी कुणाकडे करायची हेच मला कळेना. म्हणून हे असं लांबण लावून लिहितोय.

आबा म्हणजे रंगनाथ गायकवाड. राहायला कळंबच्या बौद्धवस्तीत, नोकरी एसटीत कंडक्टरची, गाडी बारामती–भिगवण–इंदापूर. अंगाने किरकोळ. खाकी कपडे कडक इस्त्रीचे, सुट्टीच्या दिवशीही तेच. तिकिटं टोचायच्या चिमट्याने दांड्यावर टिकटिक करत यायचे आणि एकच शब्द विचारायचे, "कुठं?"

त्या 'कुठं'ला उत्तर दिलं की सुटका नसे.

"डाळज? डाळजला ह्या टायमाला काय हाय?"

"तलाठ्याकडं काम हाय, आबा."

"तलाठी आज इंदापुरात हाय. मीच सकाळी सोडलाय. बसा गप, इंदापूरचं फाडतो."

आणि फाडायचेच. माणूस इंदापूरला उतरायचा, तलाठी भेटायचा. कधी नाहीही भेटायचा. मग परतीच्या गाडीत आबा त्या माणसाच्या सीटकडे फिरकायचेच नाहीत. लांबूनच तिकीट पुढे पाठवायचे. माणसाला कुठं जायचंय हे त्याच्यापेक्षा आपल्याला जास्त कळतं, ही त्यांची पक्की समजूत होती. त्या समजुतीवर अर्धा तालुका हसायचा आणि अर्धा तालुका चालायचा.

मी कऱ्हाटीचा, बागायतदार घरातला. आबांना हे पहिल्याच दिवशी कळलं होतं. विचारलंही नव्हतं त्यांनी. काखोटीला पत्रकांचा गठ्ठा बघून म्हणाले, "कशाबद्दल हाय?"

"जातीअंताबद्दल."

"बरं हाय. वाटा सगळीकडं. तुमच्या घरी आमच्यातल्याची कपबशी कुठं ठेवत्यात, तितं बी एक चिकटवा."

मी गठ्ठा दुसऱ्या काखोटीला घेतला.

त्यांची एक खोड मला फार उशिरा समजली. कारखान्याच्या मळीचा वास आला, रस्त्यात मेलेलं कुत्रं लागलं, की सगळी गाडी नाकाला रुमाल लावायची. आबा लावायचे नाहीत. आणि समोरच्याने लावला की त्यांचा चेहरा उतरायचा. एकदा मी विचारलं, तेव्हा म्हणाले, "नाकाला फडकं लावलेला माणूस दिसला की मला वाटतं, माझ्याकडंच बगून लावलंय."

मग त्यांनी बैलाची गोष्ट सांगितली. आबा तेव्हा चड्डीतले पोर. छप्पन सालानंतर वस्तीने धम्म घेतला आणि ठरवलं, गावकीची कामं बंद, मेलेलं ढोर ओढायचं नाही. गावाने ठरवलं, मग आम्हीही हात लावणार नाही. पहिला बैल मेला तो पाटलांचा, आणि मेला नेमका वस्तीला लागून असलेल्या बांधावर. तिथेच फुगला. तिथेच फुटला. आबांची आई त्या वासात भाकरी थापायची आणि पोरांना म्हणायची, तोंडानं श्वास घ्या. वस्ती हलली नाही. शेवटी पाटलांनी कुठूनसा ट्रॅक्टर आणला, ड्रायव्हरने साखळी अडकवली, बैल गेला.

"घटकाभरात," आबा म्हणाले. "आमच्या आज्या-पंज्याचे खांदे गेले त्यात, आन ट्रॅक्टरनं घटकाभरात. आन तो ड्रायव्हर, हात बी धुतला न्हाय नीट, पाटलाच्या वसरीवर बसून पानी पिला. त्यांच्याच तांब्यानं. मी बगत हुतो की. म्हंजी घाण ढोराची नव्हतीच."

एवढं बोलून ते पुढच्या सीटकडे गेले. "कुठं?"

सुजाता त्यांची एकुलती एक. बारामतीच्या कॉलेजात माझ्या वर्गात, रसायनशास्त्राला. वर्गात पहिली यायची आणि त्याबद्दल कुणी काही बोललं की विषय बदलायची. गायकवाडांचं रान कालव्याच्या खालच्या अंगाला. वरच्या ऊसवाल्यांनी पाणी पाजपाज पाजायचं, ते झिरपून खाली यायचं आणि जमिनीतलं मीठ वर काढायचं. उन्हाळ्यात सगळं रान पांढरंफटक. चोपण म्हणतात तिला. ज्वारीसुद्धा धड उगवत नाही. जमीन वाटताना वस्तीच्या वाट्याला हीच यावी, हा काही योगायोग नव्हे, पण ते एक वेगळं पत्रक आहे. सुजाता लहानपणापासून त्या रानातली माती जिभेला लावून बघायची. "ह्या कोपऱ्यात वाढलंय," म्हणायची. तिची आई ओरडायची, "आगं, दुसऱ्या पोरी चिचा खात्यात!"

शेवटच्या वर्षाला तिचं नाव समाजकल्याणच्या परदेशी शिष्यवृत्तीत आलं. देश तिनेच ठरवायचा होता. दोन विद्यापीठांनी होकार कळवला. एक हॉलंडमधलं, तिथे खारवट जमीन हाच विषय. दुसरं इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका शहरातलं, तिथे नुसतं रसायनशास्त्र. सुजाताचं ठरलेलं होतं. "त्या लोकांनी समुद्राच्या पोटातनं रानं काढल्यात. आपलं तर एवढंसं हाय," ती म्हणायची. दोन वर्षं तिकडे, मग परत, आणि मग ते पांढरं रान हिरवं करायचं. असं तिचं सरळ गणित होतं.

पण वस्तीतली पोर परदेशी जाते तेव्हा ती एकटी जात नाही. विहारात बैठक बसली. भिंतीवर साहेबांचा फोटो, हातात पुस्तक, अंगात कोट. वस्तीतले सगळ्यांत वयस्कर तात्या म्हणाले, "हॉलंड कुठं आलं?"

सुजाताने सांगितलं.

"फोटोतले साहेब गेल्ते का तितं शिकाया?"

"न्हाय, तात्या."

"मग?"

सगळी वस्ती इंग्लंडच्या बाजूने. सुजाता आबांकडे बघत राहिली. आबा म्हणाले, "घाई नको. मी इचारतो."

"कुणाला?"

"तितल्याच माणसास्नी."

डाळजच्या बाजूला धरणाचं पाणी पसरलंय, तिथे लांबलांबचे पक्षी येतात आणि त्यांच्यामागे दुर्बिणी घेऊन गोरे लोक. त्यातले काही आबांच्या गाडीने यायचे. त्या मोसमात आबांनी कॉलेजातून मला बोलावून घेतलं. इंग्रजी बोलायला माणूस हवा होता. मला वाटलं, हवापाणी, जेवणखाण, मुलींना सुरक्षित आहे का, असलं काही विचारायचं असेल.

पहिला भेटला तो हॉलंडचाच. उंच, उन्हाने सोललेलं नाक, पाण्याच्या कडेला तिकाटण्यावर दुर्बीण लावून उभा. आबांनी नमस्कार केला आणि मला म्हणाले, "इचार, तुमच्याकडं मेलेलं ढोर कोण वडतं?"

"आबा, दुसरं काहीतरी विचारू या."

"दुसरं पोरगी गेल्यावर बगंल. तू इचार."

मी विचारलं. त्या माणसाने दुर्बिणीवरून डोळा काढला. आधी त्याला वाटलं माझं इंग्रजी चुकलं. मग म्हणाला, शेतकरी फोन करतो, गाडी येते, घेऊन जाते.

"गाडीवर कोण आसतं?"

त्याने दुर्बिणीला झाकण लावलं. मग म्हणाला, खरं सांगायचं तर बाहेरच्या देशांतून आलेले लोक असतात. आमची मुलं ते काम करत नाहीत. ही काही चांगली गोष्ट नाही, असंही म्हणाला.

आबांनी त्याला फाट्यावर नेऊन चहा पाजला. त्याच्या पाठीवर हात ठेवला. आणि हॉलंड तिथेच संपलं.

दुसरी भेटली ती इंग्लंडची म्हातारी. गाडीतच, टोपी घातलेली, तांबूस गालांची. प्रश्न ऐकून ती खो खो हसली. म्हणाली, माझा भाऊच करतो ते काम! स्वतःची लॉरी आहे त्याची. रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसतो. पाद्री त्याच्याकडे चहाला येतो.

"परत इचार. सख्खा भाऊ?"

सख्खा.

"आन त्याच्या लेकी कुठं दिल्या?"

एक डॉक्टरला दिली आहे, ती म्हणाली.

आबांनी तिला उठवून स्वतःच्या, कंडक्टरच्या सीटवर बसवलं आणि इंदापूरपर्यंत उभे राहिले. टिकटिक नाही, 'कुठं' नाही. नुसते खिडकीबाहेर बघत उभे.

घरी वाद झाला. मी ओट्यावर बसलेलो होतो.

"आबा, हॉलंडवाल्यानं खरं सांगितलं," सुजाता म्हणाली. "खरं सांगणाऱ्याच्या देशात जावं माणसानं."

"खरं सांगितलं म्हणून तर न्हाय म्हणतोय. बाहेरनं आलेल्यास्नी ते काम. तू बी बाहेरनंच जानार की."

"मी गाडीवर न्हाय चाललेय. शिकाया चाललेय."

"आमी बी मानसंच हुतो गं. नाव पडायला किती येळ लागतो?"

"आन मीठ, आबा? रान?"

आबांना रान दिसतच नव्हतं. त्यांना ती लॉरी दिसत होती आणि चहा पिणारा पाद्री. सुजाता बाहेर आली, माझ्याशेजारी बसली. मी तावातावाने म्हणालो, तू ठाम राहा, शिष्यवृत्ती तुझी आहे, हक्क तुझा आहे.

"गप रे," ती म्हणाली. "तुझं सगळं हक्कावर येतं. त्या बैलाचा वास मी घेतलाय का? त्यांनी घेतलाय. ठरवू दे त्यांना."

तिने इंग्लंडला होकार कळवला.

जायच्या दिवशी पेटी भरताना तिची आई कुरकुरत होती, "चटणीला जागा न्हाय म्हंत्यात, फोटोला बरी हाय." आबांनी साहेबांचा फोटो, चौकटीसकट, टॉवेलात गुंडाळून कपड्यांच्या मधोमध ठेवला होता. "पोचली की पयला भिंतीवर लाव. भिंत मोकळी ठेवू नको." भिगवणहून तिला मुंबईची रेल्वे धरायची होती. बारामतीहून भिगवणपर्यंत आबांचीच गाडी. ती खिडकीशी बसली. आबा टिकटिक करत एकेक सीट घेत आले, तिच्यापाशी थांबले, तोंडावरची रेष न हलवता म्हणाले, "कुठं?"

"इंग्लंड," ती म्हणाली.

सगळी गाडी हसली. आबांनी भिगवणचं तिकीट फाडलं, टोचलं आणि तिच्या तळहातावर ठेवून मूठ मिटली.

तिकडे तिला एका मराठी कुटुंबाने खोली दिली. घरातली बाई आपल्याच जिल्ह्यातली. गायकवाड आडनाव ऐकून म्हणाली होती, वा वा, आपलीच मुलगी. गायकवाड गावाच्या दोन्ही अंगांना असतात, हे त्या बाईच्या ध्यानात आलं नाही. सुजाता तिला मावशी म्हणायला लागली. आबांना केवढा आनंद! "आपली मानसं हायत तितं. पिठलं-भाकरी मिळतीया पोरीला." आठवडाभर ते तिकीट फाडता फाडता गाडीला हेच सांगत होते.

दर रविवारी कळंबच्या एसटीडी बूथवर तिचा फोन यायचा. रविवारी माझा वस्तीत अभ्यासवर्ग असे, तर आबा मला त्या काचेच्या खोपटात ओढून घ्यायचे. मधेच कुणी इंग्रजी बोललं तर? ते स्वतः असे ओरडायचे की इंग्लंडला फोनशिवायही ऐकू जावं.

"फोटो लावला का?"

"खिळा न्हाय, आबा."

"येवढा मोठा देश आन खिळा न्हाय?"

पुढच्या रविवारी, "लावला का?" त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. सुजाता भिंतीचं, चुन्याचं, घरमालकाचं काहीबाही सांगायची. मी शेजारी उभा राहून ऐकत होतो आणि मला वाटायचं, ही पोरगी तिकडे जाऊन आळशी झाली. मला, जातीअंताची पत्रकं लिहिणाऱ्याला, काही म्हणजे काही कळलं नाही. तिला कळलं होतं.

शेवटी आबा चिडले. "आगं, ज्यांच्या जिवावर गेलीस त्यांना पेटीत कोंडून ठेवलंस व्हय?"

"लावते, आबा."

आणि लावला तिने.

पुढच्या रविवारी फोन उशिरा आला. आवाज मला रिसीव्हरच्या बाहेरही ऐकू येत होता.

"आबा, मी खोली सोडली."

"का गं?"

"भांडी येगळी केली माझी. ताट, वाटी, पेला. म्हणल्या, तुझं तुला बरं पडंल."

आबांनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. "कुणी? गोऱ्यांनी?"

"न्हाय, आबा. गोऱ्यांनी न्हाय. मावशींनी."

बूथवाला आमच्याकडे बघत होता. आबा उभेच. खाकीच्या बाहीवर इस्त्रीची धारदार घडी. मला वाटलं, आता ओरडतील. मी ओरडणारच होतो, त्या बाईच्या दारात मोर्चा न्यायला निघालोच होतो मनातल्या मनात.

"फोटो हाय ना नीट?" आबांनी विचारलं. इतक्या हळू मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं.

"हाय. पेटीत ठेवलाय."

"पेटीतच ऱ्हाऊ दे," आबा म्हणाले.

त्यानंतर गाडीतलं 'कुठं?' बंद झालं. आबा सीटपाशी येऊन नुसते थांबायचे. माणूस गाव सांगायचा, आबा तिकीट फाडायचे. डाळज म्हणाला तर डाळज, चुकीच्या गावी निघाला तर चुकीच्या गावी. तलाठी कुठे आहे ते सांगेनासे झाले. जुनी माणसं मुद्दाम छेडायची, "आबा, इचारा की!" आबा चिल्लर मोजत पुढे जायचे.

सुजाताने दुसरीकडे खोली घेतली, शिक्षण पुरं केलं आणि तिकडच्याच एका दूधडेअरीच्या प्रयोगशाळेत लागली. मीठ तिच्या अभ्यासात आलंच नाही. परत ये असं आबा तिला म्हणाले नाहीत. कुठल्या तोंडाने म्हणायचं, असं त्यांना वाटत असावं. ती येते म्हणाली नाही. तिचं काय चुकलं? ती परत येऊन काय त्याच तांब्यापाशी उभी राहणार होती? कळंबचं रान उन्हाळ्यात अजून पांढरं होतं. वरचे ऊसवाले अजून पाणी सोडतात. शोकसभेत लंडन लंडन करणाऱ्यांत त्यातले दोघं होते, हे इथे लिहून ठेवतो.

आबांना मी शेवटचं पाहिलं ते या हिवाळ्यात. गठ्ठा घेऊन इंदापूरला निघालो होतो. डाळजला गाडी थांबली, ड्रायव्हर चहाला उतरला. पाण्याच्या बाजूला खाकी दिसली. आबांची सुट्टी होती, तरी कडक इस्त्री. समोर एक गोरा माणूस, दाढीवाला, कमरेला दुर्बीण. दोघं हातवाऱ्यांनी काहीतरी बोलत होते. मला बघून आबांनी हात केला.

"बरा आलास. वस्तीतली धाकट्या दशरथाची पोरगी बारावीला हाय. हुशार हाय. ह्याला इचार."

मला वाटलं, तोच प्रश्न.

"इचार, ह्यांच्याकडं असं एखादं गाव हाय का, जितं आपल्याकडचं कुणीच पोचलं न्हाय?"

मी आबांकडे पाहिलं. ते गोऱ्याच्या तोंडाकडे बघत होते, उत्तर तिथून पडायची वाट बघत. मी विचारलं. तो हसला, त्याला गंमत वाटली. थोडा विचार करून म्हणाला, आमच्या देशाच्या अगदी वरच्या टोकाला एक बेट आहे, तिथे तो पक्षी बघायला जातो. थोडी घरं, बाकी मेंढ्या. हिंदुस्थानातलं कुणी तिथे असल्याचं त्याने ऐकलं नव्हतं.

"मेंढरं मरत आस्त्याल की तितं," आबा म्हणाले. "कोण वडतं?"

कुणीच नाही, तो म्हणाला. पक्षी खातात.

आबांनी मान हलवली. पाण्यात हजार पक्षी उभे होते, त्यांच्याकडे पाहिलं. "नाव काय म्हनं त्याचं?"

गोऱ्याने सांगितलं. आबांनी म्हणून बघितलं, चुकलं, त्याने पुन्हा सांगितलं. शाळा-कॉलेज आहे का तिथे, हे विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं. तेवढ्यात ड्रायव्हरने हॉर्न दिला.

गाडी वळली तेव्हा खिडकीतून दिसलं. गोरा दुर्बीण लावून पाण्याकडे वळला होता, आणि आबा त्याच्या मागे एकटेच उभे होते. ओठ हलत होते. ते नाव पाठ करत होते.

मला ते नाव आता आठवत नाही.